अत्याचाराच्या गुन्ह्यात जैविक पुरावा कसा टिकतो, प्रयोगशाळेत कसा सापडतो?

अत्याचारानंतर घरचे लोक पहिलं काम करतात ते आंघोळ घालण्याचं आणि कपडे धुण्याचं. करतात मायेपोटीच, पण नेमका त्यातच पुरावा वाहून जातो.

किती वेळात?
लवकरात लवकर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत शरीरावरचे नमुने घेतले जातात. न धुतलेल्या कपड्यांवर डाग त्यानंतरही टिकतात. उशीर झाला किंवा आंघोळ झाली, तरी दवाखान्यात जावंच.

कुठे जायचं?
सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात. तपासणीसाठी संमती लागते. 'टू-फिंगर टेस्ट'ला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सक्त मनाई केली आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण चालत नाही.

कपडे कसे ठेवायचे?
प्लास्टिकच्या पिशवीत नको. ओल धरली की बुरशी येते, डीएनए खराब होतो. कपडा उन्हात न टाकता सावलीत वाळवून कागदात, प्रत्येक कपडा वेगळा गुंडाळावा. रुग्णालयातही नमुने वाळवून, सील करून, लेबल लावून पोलिसांच्या ताब्यात दिले जातात. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद तुटली, तर कोर्टात बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

प्रयोगशाळेत काय होतं?
विशिष्ट प्रकाशात कपड्यावरचे न दिसणारे डाग शोधतात. मग रासायनिक चाचणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंचा शोध. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, म्हणून 'पीएसए' हे प्रथिनही तपासतात.

खरी अडचण मिश्र नमुन्याची असते. पीडितेच्या पेशी भरपूर, आरोपीच्या अगदी थोड्या. अशा वेळी 'वाय-एसटीआर' चाचणी फक्त पुरुषाचा डीएनए वाचते. मात्र एकाच भावकीतल्या, बाप-आज्याच्या वंशातल्या पुरुषांचा हा भाग सहसा सारखाच निघतो. त्यामुळे एवढ्यावरच नेमका माणूस ठरत नाही, बाकीचा पुरावा जोडावा लागतो.

अहवाल 'निरंक' आला तर?
गुन्हा घडलाच नाही, असा त्याचा अर्थ नाही. वीर्य सापडलं नाही, एवढंच तो अहवाल सांगतो. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.