हदाशी नो गेन

हदाशी नो गेन (अर्थ : अनवाणी गेन) ही जपानी चित्रकथाकार केइजी नाकाझावा यांनी लिहिलेली व रेखाटलेली दहा खंडांची चित्रकथामालिका (मांगा) आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहरावर टाकण्यात आलेला अणुबाँब आणि त्यानंतरची सुमारे आठ वर्षे हा तिचा विषय होय. गेन नाकाओका हा शाळकरी मुलगा तिचा नायक आहे. युद्धकथा म्हणून ही मालिका ओळखली जात असली, तरी बाँबस्फोटाचा प्रसंग पहिल्या खंडाच्या अखेरीस येतो. उरलेले नऊ खंड बाँबस्फोटानंतरच्या उपासमारीचे, आजारांचे, बहिष्काराचे आणि गरीब-श्रीमंतांमधील दरीचे आहेत.

शीर्षकाचा अर्थ

‘गेन’ या जपानी शब्दाचा अर्थ मूळ किंवा उगम असा होतो. जळून गेलेल्या भूमीवर अनवाणी पायांनी घट्ट उभा राहणारा आणि नव्या पिढीसाठी बळाचा स्रोत ठरणारा मुलगा, अशी या नावामागची नाकाझावा यांची कल्पना होती.

लेखक व पार्श्वभूमी

नाकाझावा यांचा जन्म १९३९ मध्ये हिरोशिमा येथे झाला. त्यांचे वडील चित्रकार होते व युद्धविरोधी विचारांच्या नाट्यमंडळाशी त्यांचा संबंध होता. त्यासाठी त्यांना अटकही झाली होती. बाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या फाटकाजवळ उभे होते. तेथील काँक्रीटच्या भिंतीचा आडोसा मिळाल्यामुळे ते वाचले. वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून आगीत मरण पावले. त्याच दिवशी आईने एका मुलीला जन्म दिला, परंतु ती फार काळ जगली नाही.

पुढे पाट्या रंगविण्याचे काम करून नाकाझावा १९६१ मध्ये चित्रकथाकार होण्यासाठी टोकियोला गेले. बाँबपीडितांविषयी तेथे असलेला पूर्वग्रह अनुभवल्यामुळे आपण हिरोशिमाचे बाँबपीडित आहोत, हे त्यांनी काही वर्षे लपवून ठेवले. १९६६ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. दहनानंतर अस्थी हाती लागल्या नाहीत, केवळ राख उरली. किरणोत्साराने आईची हाडेही हिरावून नेली, या जाणिवेने संतप्त होऊन त्यांनी अणुबाँबवर लिहिण्याचा निश्चय केला. १९६८ मध्ये ‘कुरोई आमे नि उतारेते’ (काळ्या पावसात भिजून) ही त्यांची या विषयावरील पहिली कथा प्रसिद्ध झाली. १९७२ मधील ‘ओरे वा मिता’ (मी पाहिले) या आत्मकथनपर चित्रकथेतून पुढे ‘हदाशी नो गेन’ची कल्पना साकारली. नाकाझावा यांचे १९ डिसेंबर २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले.

प्रकाशन

मालिकेचा प्रारंभ जून १९७३ मध्ये ‘शूकान शोनेन जम्प’ या मुलांच्या लोकप्रिय साप्ताहिकात झाला. १९७४ मध्ये तेथील प्रकाशन थांबले. त्यानंतर ‘शिमिन’, ‘बुंका ह्योरोन’ आणि ‘क्योइकु ह्योरोन’ या नियतकालिकांतून ती क्रमशः प्रसिद्ध होत राहिली व १९८० च्या दशकात पूर्ण झाली. यांपैकी ‘बुंका ह्योरोन’ हे जपानी कम्युनिस्ट पक्षाशी, तर ‘क्योइकु ह्योरोन’ हे शिक्षकांच्या संघटनेशी संबंधित होते. बालवाचकांच्या साप्ताहिकाकडून वैचारिक नियतकालिकांकडे झालेल्या या प्रवासाबरोबर कथेतील राजकीय भाष्यही अधिक उघड होत गेले, असे अभ्यासक मानतात.

कथानक

गेनचे वडील दाइकिची लाकडी खडावा रंगवून कुटुंबाचा चरितार्थ चालवितात. युद्ध हे सत्ताधारी व धनिक यांच्या लाभासाठी असून त्यात गरिबांचा बळी जातो, असे ते उघडपणे बोलतात. त्यामुळे आळीचा प्रमुख सामेजिमा या कुटुंबाला देशद्रोही ठरवतो. शेजारीपाजारी त्यांच्याशी संबंध तोडतात. पाक हा कोरियन शेजारी तेवढा त्यांना आधार देतो.

बाँबस्फोटात वडील, बहीण एइको आणि धाकटा भाऊ शिंजी घराच्या तुळयांखाली अडकतात. गेन आणि आई किमिए यांना त्यांना डोळ्यांदेखत सोडून जावे लागते. प्रत्यक्षात नाकाझावा घटनास्थळी नव्हते. हा प्रसंग त्यांना आईकडून कळला होता. रस्त्यावरच किमिए तोमोको या मुलीला जन्म देते.

पुढील खंडांत गेन अन्नाच्या शोधात वणवण फिरतो. शिंजीसारख्याच दिसणाऱ्या रयूता या अनाथ मुलाला तो भाऊ मानतो. कुपोषण व आजाराने तोमोको दगावते आणि काही वर्षांनी किमिएही मरण पावते. अनाथ सोबत्यांपैकी कोणी गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती लागतात, तर कोणी अमली पदार्थांना बळी पडतात. १९५३ मध्ये चित्रकार होण्यासाठी गेन टोकियोला निघतो, तेथे कथा संपते.

युद्धोत्तर यातना

१९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार लोक मरण पावले, असा अंदाज आहे. जे वाचले त्यांना ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांचे पुढील जीवन हा मालिकेचा गाभा आहे. वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसाचे केस गळणे, अंगावर डाग उठणे आणि काही दिवसांत मृत्यू येणे, हे गेन वारंवार पाहतो. रोग संसर्गजन्य असल्याच्या गैरसमजातून पीडितांना घरात घेतले जात नसे. विवाह व नोकरी यांतही त्यांना डावलले जाई.

अमेरिकी ताब्याच्या काळात (१९४५–१९५२) वृत्तपत्रे व पुस्तके यांवर अभ्यवेक्षण होते. बाँबविषयी लिहिलेली कादंबरी छापण्यास कोणी धजत नाही, असा एक प्रसंग मालिकेत आहे. अमेरिकेने स्थापन केलेला अणुबाँब हानी आयोग पीडितांची तपासणी करीत असे, परंतु उपचार करीत नसे. त्यावर नाकाझावा यांनी तीव्र टीका केली आहे. जपानमध्ये पीडितांसाठी वैद्यकीय साहाय्याचा कायदा १९५७ मध्ये, म्हणजे बाँबनंतर बारा वर्षांनी झाला.

वर्गसंघर्षाचे चित्रण

बाँबने सर्वांची घरे सारखीच उद्ध्वस्त केली असली, तरी त्यातून सावरण्याची संधी सर्वांना सारखी मिळाली नाही, हे सूत्र मालिकेत सातत्याने दिसते. भग्नावशेषांतून गेनने सोडविलेला सामेजिमा गेनच्या कुटुंबाच्या मदतीला येत नाही. युद्धकाळात देशभक्तीच्या घोषणा देणारा हाच माणूस पुढे शांततावादी म्हणून मिरवतो व राजकारणात प्रतिष्ठा मिळवतो. सेइजी नावाच्या चित्रकाराची कथाही या दृष्टीने महत्त्वाची आहे. भाजलेल्या सेइजीला त्याचे सधन नातेवाईक एका खोलीत टाकून देतात आणि त्याच्या शुश्रूषेसाठी पैसे देऊन गेनला ठेवतात. श्रीमंताच्या घरात टाळला जाणारा रुग्ण आणि भुकेपोटी ते काम पत्करणारा मुलगा यांच्यात मैत्री होते.

कोरियन लोकांच्या वाट्याला आलेली दुहेरी उपेक्षाही येथे चित्रित झाली आहे. पाकच्या जखमी वडिलांना केवळ कोरियन असल्यामुळे उपचार नाकारले जातात. हिरोशिमातील कोरियन बळींचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले, परंतु ते शांतता उद्यानाच्या बाहेर होते. १९९९ मध्ये ते उद्यानात हलविण्यात आले. मालिकेतील ओता हे शिक्षक साम्यवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत नोकरी गमावतात आणि स्वतःची शाळा सुरू करतात. सम्राटाच्या युद्धविषयक जबाबदारीचा प्रश्नही नाकाझावा थेट विचारतात.

चित्रशैली

ठळक रेषा, मोठे डोळे, आरडाओरडा, मारामारी व विनोद हे त्या काळच्या मुलांच्या मांगातील विशेष येथेही आहेत. त्याच शैलीत लोंबणारी कातडी, नदीत तरंगणारी प्रेते व जखमांतील अळ्या दाखविल्यामुळे वाचकाला धक्का बसतो. प्रत्यक्षात पाहिलेल्यापेक्षा आपण चित्रे सौम्यच केली, असे नाकाझावा सांगत. हिवाळ्यात तुडविले गेल्यावर अधिक जोमाने उभे राहणारे गव्हाचे रोप ही प्रतिमा मालिकेत पुन्हा पुन्हा येते.

अनुवाद व रूपांतरे

१९७६ मध्ये टोकियोत स्वयंसेवकांनी ‘प्रोजेक्ट गेन’ हा गट स्थापन करून इंग्रजी अनुवादाचे काम हाती घेतले. इंग्रजीत अनुवादित झालेल्या आरंभीच्या मांगांत या मालिकेची गणना होते. इंग्रजीतील दहाही खंडांची आवृत्ती २००४ ते २००९ या काळात प्रसिद्ध झाली. तिची प्रस्तावना ‘माउस’चे कर्ते आर्ट स्पीगेलमन यांची आहे. जगातील वीसहून अधिक भाषांत मालिकेचे अनुवाद झाले आहेत.

दिग्दर्शक तेंगो यामादा यांनी १९७६ ते १९८० या काळात तिच्यावर तीन चित्रपट काढले. मोरी मासाकी दिग्दर्शित सचेतपट १९८३ मध्ये आला व त्याचा उत्तरार्ध १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. २००७ मध्ये दूरचित्रवाणी नाटकही प्रसारित झाले.

वाद

जपानमधील अनेक शाळांच्या ग्रंथालयांत ही मालिका उपलब्ध असल्यामुळे कित्येक पिढ्यांना अणुबाँबची पहिली ओळख तिच्यातून झाली. डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने ती शालेय ग्रंथालयांत मुलांच्या हाती सहज लागणार नाही, अशी व्यवस्था करण्याची सूचना दिली. आशियातील जपानी सैन्याच्या अत्याचारांची चित्रे मुलांसाठी अतिभयंकर आहेत, असे कारण देण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये ही गोष्ट उघड होताच देशभर टीका झाली आणि त्याच महिन्यात सूचना मागे घेण्यात आली. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतता शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून मालिकेचा उतारा वगळला. आजारी आईसाठी गेन दुसऱ्याच्या तळ्यातील मासा चोरतो, यासारखे प्रसंग आजच्या मुलांना समजावणे कठीण जाते, असे मंडळाचे म्हणणे होते. बाँबपीडितांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला.

महत्त्व

चित्रकथा ही केवळ मुलांच्या करमणुकीची वस्तू नसून इतिहासाची साक्ष देणारे गंभीर माध्यम होऊ शकते, हे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या कृतींत ‘हदाशी नो गेन’चा समावेश होतो. भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील अस्पृश्यतेचे अनुभव मांडणारी ‘भीमायन’ (२०११) ही दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेली चित्रकथा याच माध्यमाचे निराळे उदाहरण आहे. २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक ‘निहोन हिदांक्यो’ या बाँबपीडितांच्या संघटनेला मिळाले. प्रत्यक्ष साक्षीदारांची संख्या वर्षागणिक घटत असताना अशा साक्षींचे मोल वाढत आहे.