खाफीखानाची साक्ष

नववीतल्या एका मुलीची वही परवा पाहिली. दोन रकाने, डावीकडे सभासद, उजवीकडे खाफीखान. विषय शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. दोन्हीकडची विशेषणं तिने लाल पेनाने अधोरेखित केली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘दोघेही पक्षपाती. सत्य मध्ये कुठेतरी असावे.’ शेजारी बाईंची बरोबरची खूण.

साधनांची तुलना करून पक्षपात हुडकायला शिकवणं, ही आज इतिहास शिकवण्याची सुधारलेली रीत समजली जाते. तिचा हेतू मला मान्य आहे. छापलेलं सगळं खरं मानणाऱ्या मुलापेक्षा शंका घेणारं मूल केव्हाही बरं. पण पक्षपात सापडला की साधन बाद, ही समजूत मला घातक वाटते. आणि सत्य मध्ये असतं म्हणावं, तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी पहिला वार कोणी केला, याला मध्य कुठला? तो खानाने केला किंवा महाराजांनी.

सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला, भेटीनंतर तीसहून अधिक वर्षांनी. खाफीखान त्याच्याही नंतरचा, मोगलांच्या चाकरीतला. महाराजांविषयी लिहिताना त्याची जीभ शिव्यांवर घसरते. पण हाच माणूस नोंदवून ठेवतो की लुटीच्या वेळी मशीद, कुराण आणि कोणाचीही बाईमाणसं यांना हात लावायचा नाही, असा महाराजांचा नियम होता. हेच सभासदाने लिहिलं असतं, तर धन्याची स्तुती म्हणून आपण पान उलटलं असतं. खाफीखानाने लिहिलं म्हणून त्याला वजन आलं. त्याचा द्वेषच इथे त्याला जामीन राहतो. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराने दिलेली कबुली कोणता वकील सोडून देईल? खाफीखानाला ‘पक्षपाती’ म्हणून बाद करणारं मूल ही कबुलीही गमावतं.

यावर कोणी म्हणेल, निदान कोरड्या नोंदींना तरी निःपक्ष माना. जेधे शकावली तशीच आहे: तिथी, घटना, की पुढची नोंद. विशेषण औषधालाही नाही. पण ती कारीच्या जेध्यांच्या घरची. कान्होजी जेधे अफझलखानाच्या प्रसंगी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले. कोणती घटना नोंदायची, कोणती सोडायची, हे त्या घराच्या नजरेनेच ठरणार. गाळलेल्या ओळीखाली लाल रेघ कशी मारणार?

म्हणून माझ्या मते मुलांना दोन प्रश्न द्यावेत. लिहिणाऱ्याला हे कळलं कशावरून? आणि हे लिहिण्यात त्याचा फायदा होता की तोटा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पक्षपात ओळखल्याशिवाय देताच येत नाही. म्हणजे तिथे पक्षपात हे मोजमाप होतं.

त्या मुलीला मी शेवटची ओळ खोडायला सांगितली आणि तिसरा रकाना आखून दिला. त्यात तिने खाफीखानाने नोंदवलेला तो नियम उतरवला, थोडा वेळ पेन तोंडात धरून बसली आणि मग विचारलं, “पण याला तर हे लपवता आलं असतं ना?”