लॅक्स्टन : खुल्या शेतीची परंपरा जपणारी एक इंग्लिश पॅरिश

प्रस्तावना :
पॅरिश हा इंग्लंडच्या ग्रामीण जीवनाचा मूळ घटक होय. एका चर्चच्या कक्षेतील वस्ती हा तिचा मूळ अर्थ; पुढे ती स्थानिक कारभाराचेही एकक बनली. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या छोट्या पॅरिशमध्ये मध्ययुगीन खुली शेतीपद्धती आजही चालू आहे. ती कशामुळे टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. १०८६ च्या डूम्सडे बुकात लॅक्स्टनची नोंद आढळते. नॉर्मन काळातील मातीच्या गढीचे अवशेष आणि सेंट मायकेलचे चर्च तिच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. १६३५ मध्ये मार्क पिअर्स याने तयार केलेला गावाचा तपशीलवार नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. शेतांतील पट्ट्यांबरोबरच नांगरणी व कापणीची चित्रेही त्यात रेखाटली आहेत.

शेतीव्यवस्था :
अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधील असंख्य खुली शेते कुंपणबंद झाली. लॅक्स्टनमधीलही काही जमीन कुंपणात गेली. परंतु वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड ही तीन मोठी शेते खुली राहिली. त्यांत शेतकऱ्यांचे पट्टे विखुरलेले असून मध्ये बांध वा कुंपण नाही. पिकांची फेरपालट तिन्ही शेतांत आळीपाळीने होते. शेतकऱ्यांची घरे शेतावर नसून गावातील रस्त्यालगत आहेत.

कुंपण नसल्यामुळे शेजाऱ्याच्या वा सामाईक जमिनीत नांगर घालण्याचा मोह संभवतो. म्हणून हिवाळ्याच्या सुमारास शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाच्या शेताची पाहणी करून हद्दीच्या खुंट्या ठोकते. अतिक्रमणाबद्दल मॅनरच्या न्यायालयात दंड होतो. १९७७ च्या कायद्याने अशा न्यायालयांचे अधिकार सर्वसाधारणपणे संपुष्टात आले. लॅक्स्टनचे मात्र अबाधित राहिले.

समारोप :
१९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून ही जमीन कृषी मंत्रालयाने घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोरस्बी इस्टेटकडे गेली. मालकी तीनदा बदलली, तरी वहिवाट मोडली नाही. मालकांच्या संरक्षणाचा त्यात वाटा आहेच; तथापि केवळ मालकाच्या इच्छेने शेजाऱ्याची हद्द पाळली जात नाही. ती दरवर्षी शेतात उतरून पाहावी लागते. पिअर्सचा नकाशा ग्रंथालयाने जपला. त्यातील शेती मात्र गावकऱ्यांनाच जपावी लागली.