लांब म्हैस, दोन तोंडांची म्हैस आणि फायलीतली म्हैस



मागच्या आठवड्यात नातवाने मोबाईलवर एक फोटो दाखवला. शेतात उभा राहून तळहातावर चक्क गाय घेतलीय! आजोबा, बघा कशी आयडिया, म्हणाला. मी म्हटलं, अरे, ही आयडिया आम्ही १९७२ साली अडाजणच्या शेतात करून बसलोय, तीही बारा फोटोंच्या रोलवर, आणि एक फोटो फुकट गेला की घरी हिशोब द्यावा लागायचा. त्याला ते खरं वाटेना, म्हणून हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता गाडी भलतीकडेच गेली. सांभाळून घ्या.

त्या वर्षी मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, सर के. पी. कॉमर्स कॉलेजात. आमचं मूळ धुळ्याकडचं. वडील नोकरीसाठी ताप्ती व्हॅलीच्या लाईनने सुरतेला आले ते इथलेच झाले. उत्तरायणाच्या सुट्टीत माझा आतेभाऊ धुळ्याहून आला आणि येताना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेऊन आला. आजच्या पोरांना सांगतो, हा कॅमेरा आपल्या बडोद्यात बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. फोकस करायची सोयच नाही, ऊन की ढग एवढीच खिट्टी सरकवायची. गरिबाचा कॅमेरा होता, पण गावोगावच्या लग्नमुंजी त्यानेच टिपल्या.

पोंकचे दिवस होते. सकाळी होप पूल चालत ओलांडला की पलीकडे अडाजण, रांदेरकडे नुसती शेतं. आज तिथे जे मॉल उभे आहेत त्यांना विचारू नका. कोवळ्या ज्वारीची कणसं भाजून झोडून काढलेला पोंक, वर लिंबू-मिऱ्याची शेव. आपल्या हुरड्याचा हा सुरती चुलतभाऊ. तो खायचा आणि जनावरांचे फोटो काढायचे, असा बेत.

जनावरं म्हणजे मुख्यतः म्हशी. सुरती म्हैस ओळखायची खूण म्हणजे कोयत्यासारखी वळलेली शिंगं आणि गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. गंमत अशी की नाव सुरती असलं तरी या जातीचं मूळ ठिकाण मही आणि साबरमती या नद्यांमधला मुलूख, म्हणजे खेडा, आणंद, बडोद्याकडचा. नाव सुरतेचं आणि गाव चरोतरचं. आमच्यासारखंच, आडनाव खानदेशी आणि रेशनकार्ड सुरतेचं.

पहिली युक्ती तळहातावरच्या म्हशीची. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे त्रैराशिक मांडलं. हात कॅमेऱ्यापासून दहा फुटांवर, म्हैस दीडशे फुटांवर. मग चार फूट उंचीची म्हैस हाताजवळ तीन-सव्वातीन इंचांची दिसणार. बरोब्बर तळहातात मावली! त्यात दोन अटी. म्हैस उंच बांधावर हवी, म्हणजे तिच्या पायांमागे आभाळ येतं, आणि कॅमेरा खाली धरायचा. ऊनही लख्ख पाहिजे, नाहीतर हात तरी धूसर नाहीतर म्हैस तरी. सगळं जमवलं. रोल धुऊन आला तेव्हा म्हैस तळहाताऐवजी कोपराच्या खाली, हवेत उभी! कारण साधं आहे, आपण बघतो ते वरच्या बारीक खिडकीतून आणि फोटो येतो तो खालच्या भिंगातून. लांबच्या फोटोत हा फरक कळत नाही, पण जवळ हात आणि लांब म्हैस असा मामला असला की लगेच दगा देतो. दुसऱ्या खेपेला कॅमेरा थोडा वर उचलून धरला, तेव्हा जमलं.

दुसरी युक्ती लांब म्हशीची. कडब्याची एक मोठी गंजी होती. तिच्या एका बाजूने एका म्हशीचं तोंड बाहेर, दुसऱ्या बाजूने दुसरीचं शेपूट. फोटोत पंधरा फुटांची एकच म्हैस. शेताचे मालक काका आधी ओरडत आले, मग काय चाललंय ते कळल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाले, “आटली लांबी भेंस केटलु दूध आपे?” पुढचा अर्धा तास त्यांनीच म्हशी धरून दिल्या. पोंकही फुकट.

तिसरी युक्ती दोन तोंडांची म्हैस. ती शेतात नाही, स्टुडिओत झाली. बेगमपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्याला गळ घातली, एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती काढ, एक सुलटी, एक निगेटिव्ह उलटी घालून. मग दोन्ही प्रती पोटाशी कापून एकमेकींना चिकटवल्या. दोन्ही टोकांना तोंड, शेपूट कुठेच नाही. आई म्हणाली, मुक्या जनावराची थट्टा करू नये रे. आणि फोटो देव्हाऱ्याच्या खोलीत आणू नकोस, असंही म्हणाली.

हे खेळ आमच्या बापजाद्यांनी कधीच खेळून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं. दादासाहेब फाळके आपल्या गुजरातेतच फोटोग्राफी शिकले. बडोद्याचं कलाभवन, १८९० साली सुरू झालं, सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर. आणि ते उभं करणारे प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर मूळचे आपल्या सुरतेचे! मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, तो डाग काढून दाखवणारे रसायनशास्त्रज्ञ तेच. फाळक्यांनी पुढे गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा केला. प्लेगात बायको आणि मूल गेलं. मग बडोद्यात धंदा मांडला तर लोक फोटोला उभे राहीनात, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली ताकद शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो अशी आवई उठली होती. हसू नका, माझी आजीसुद्धा फोटोला डोळे मिटूनच बसायची.

आता मी पडलो बँकवाला, म्हणून मला फाळक्यांच्या चरित्रातला कर्जाचा भाग जास्त आवडतो. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला, १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण सिनेमा काढायला आणखी भांडवल हवं. ते कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. ते बघून लोक कर्ज द्यायला तयार झाले. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या कर्जाला तारण काय, तर एक ट्रिक फोटोग्राफी! ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले.

तिकडे अमेरिकेत मायब्रिजने १८७८ साली धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढून चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवलं होतं. कॅमेरा तोच. मायब्रिजने त्यातून डोळ्याला न दिसणारं खरं दाखवलं आणि आम्ही पंधरा फुटांची म्हैस.

आता भलतीकडे गेलेली गाडी.

१९८४ साली मी एका तालुक्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. गरिबाला म्हैस घेऊन द्यायची, छोट्या शेतकऱ्याला पंचवीस टक्के अनुदान, शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासीला निम्मं, बाकीचं बँकेचं कर्ज. दूध सुमुलच्या मंडळीत घालायचं, त्यातून हप्ता फेडायचा. सुमुल माझ्याच वयाची, १९५१ ची. योजना वाईट नव्हती, ज्यांच्या दारात खरंच म्हैस आली त्यांची घरं उभी राहिलेली मी बघितली आहेत. पण वर्षअखेरीला आकडा गाठायची घाई, आणि मध्ये दलाल. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला, डॉक्टरचा दाखला, आणि आमच्या शाखेत पद्धत होती की कर्जदाराचा म्हशीबरोबरचा फोटो फायलीला लावायचा.

एका संध्याकाळी फायली चाळताना एक फोटो बघून थबकलो. गुजराती बाई, म्हशीच्या दाव्याला धरून उभी, आणि पदर डाव्या खांद्यावर. आपल्या बायकांसारखा! त्या गावात तर सगळ्या बाया गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतात. माझ्या डोक्यात एकदम देव्हाऱ्याच्या खोलीत बंदी असलेली ती दोन तोंडांची म्हैस आली. निगेटिव्ह उलटी घातलीय! त्याच गावच्या मागच्या महिन्याच्या फायली काढल्या. दुसरी बाई, उजवीकडे पदर, आणि म्हशीचं एक शिंग टोकाला मोडलेलं. इकडच्या म्हशीचंही शिंग मोडलेलं, फक्त दुसऱ्या बाजूचं. गळ्याचे पट्टे तेच. एक म्हैस, दोन कर्जं.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंद झाला. कॉलेजातला खेळ कामाला आला म्हणून. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून गावात गेलो. मोडक्या शिंगाची म्हैस पहिलीच्या दारात होती. दुसरी बाई शेतमजूर, विधवा. तिच्या दारात खुंटासुद्धा नव्हता. तिने सरळ सांगितलं, दलालाने बोलावलं, दावं हातात दिलं, फोटो काढला, कागदावर अंगठा घेतला, शंभर रुपये दिले आणि म्हैस नंतर येईल म्हणाला.

मी रिपोर्ट लिहिला. चांगला लिहिला, वरून शाबासकी आली. पण कागदावर दलालाचं नाव कुठेच नव्हतं, अंगठा फक्त बाईचा होता. साडेतीन हजारांच्या कर्जाचं अनुदान परत गेलं आणि सगळी रक्कम एकदम भरण्याची नोटीस तिच्या नावाने निघाली. नोटिशीवर सही माझी. नियमात दुसरं काही बसत नव्हतं, आणि बसवायला मी फारसा झटलोही नाही, हेही लिहून टाकतो.

ती दर महिन्याला यायची. कधी तीस रुपये, कधी पन्नास. ऊसतोडणीच्या दिवसांत शंभर. काउंटरवर नोटा मोजून ठेवायची आणि पावती पोलक्यात घालायची. एकदाही भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी अधूनमधून व्याजात काय सूट बसते ते बघून द्यायचो, तेवढंच. १९८९ च्या होळीच्या आधी तिने शेवटचा हप्ता भरला. पुढच्याच वर्षी सरकारने दहा हजारांपर्यंतची थकलेली शेतीकर्जं माफ केली. ज्यांनी थकवलं त्यांचं माफ झालं, हिचं खातं आधीच शून्यावर होतं.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी ती जाता जाता थांबली आणि म्हणाली, साहेब, तो फोटो द्या ना. मला कळेना कुठला. “पेलो भेंसवाळो.” तिचा आयुष्यात काढलेला तेवढा एकच फोटो होता. फायलीतला कागद असा काढून द्यायचा नसतो, पण मी पिन काढली आणि दिला. तिने बराच वेळ बघितला. पदराकडे बोट दाखवून म्हणाली, “आ तो ऊंधुं छे.” मी हो म्हटलं. मग तिने तो रुमालात गुंडाळला आणि एसटी पकडायला गेली.

लांब म्हशीचा फोटो खाली टाकला आहे, गंजीजवळ अर्धा दिसतोय तो मीच. दोन तोंडांच्या म्हशीला २००६ च्या पुरात तापीचं पाणी लागलं, त्याचा फक्त पुठ्ठा उरला. अडाजणकडचे त्या काळचे फोटो कुणाच्या घरी असतील तर जरूर टाका, त्या गंजीवाल्या काकांचं शेत नेमकं कुठल्या सोसायटीखाली गेलं ते मला शोधायचं आहे.