ब्राझ गोन्साल्विस : सॅक्सोफोनवर राग आणणारा गोव्याचा जॅझ कलाकार

सॅक्सोफोन म्हटलं की जुन्या हिंदी सिनेमातले क्लबचे सीन आठवतात. त्या गाण्यांमागे वाजवणारे अनेक वादक गोव्याचे होते, पण पडद्यावर त्यांची नावं क्वचितच झळकली. याच गोव्यातल्या ब्राझ गोन्साल्विस यांनी मात्र सॅक्सोफोनवर स्वतःच्या नावाने ओळख मिळवली.

ब्राझ मूळचे तिसवाडी तालुक्यातल्या नेवरा गावचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. त्यामुळे गोव्याच्या वादकांना मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात मोठी मागणी होती. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हेही गोव्याचेच. त्यांची मुलगी, गायिका इव्हॉन, पुढे ब्राझ यांची पत्नी झाली.

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये ब्राझ यांनी पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासोबत वाजवलं. पण अमेरिकन जॅझची हुबेहूब नक्कल करण्यात ते थांबले नाहीत. १९७० साली त्यांच्या बँडची 'राग रॉक' ही रेकॉर्ड आली.

यात अवघड काय होतं? जॅझमध्ये वादक आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतो, रागदारीतही कलाकार तसाच विस्तार करतो. इथपर्यंत दोन्ही जुळतं. पण जॅझमध्ये सहसा खालचे कॉर्ड सतत बदलत असतात, तर रागात 'सा' कायम राहतो आणि ठरलेल्या स्वरांची चौकट पाळावी लागते. शिवाय सॅक्सोफोनला बटणं असतात. मींड घ्यायची तर ओठ आणि श्वास यांवरच भिस्त.

१९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स यांच्यासारखा जगप्रसिद्ध सॅक्सोफोनवादक तिथे आला. भारतीय जॅझला आता जगासमोर स्वतःचं काहीतरी मांडायचं होतं. लुई बँक्स यांच्या 'इंडो-जॅझ'च्या प्रयोगांत ब्राझ यांचा सॅक्सोफोन महत्त्वाचा ठरला.

उत्तर आयुष्यात ब्राझ गोव्यात परतले आणि ख्रिस्ती भक्तिसंगीतात रमले. आज फ्यूजन बँड गल्लोगल्ली दिसतात. पण सॅक्सोफोनवर राग वाजवणं हेच नवल होतं, तेव्हा ब्राझ यांनी ती वाट धरली होती.