अंगोलाचा वाटाणा, मुरुडची तूर

मुरुड म्हटलं की बहुतेकांना जंजिरा आठवतो आणि जंजिऱ्याबरोबर आफ्रिकेतून आलेले सिद्दी. आमचं मुरुड ते नव्हे. हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं, काळ्या रानातलं, समुद्रापासून कोसो दूर. तरीही आफ्रिकेतून माणसं कोंबून अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांशी या मुरुडचंही एक नातं निघतं. ते तुरीकडून लागतं.

मला ते एका पदार्थात सापडलं. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर नाताळला 'जग-जग' करतात. तुरीचे दाणे, ज्वारीचं पीठ, खारवलेलं मांस, कांदा आणि मसाला एकत्र शिजवून घोटायचं. मांस बाजूला ठेवलं तर उरते ज्वारी आणि तूर, म्हणजे आमची येळवस! लातूर-धाराशिव पट्ट्यात मार्गशीर्षातल्या या वेळ अमावस्येला गावंच्या गावं रानात जेवायला जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. मग ओले हरभरे, वाल, तुरीचे सोले घातलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाची आंबील आणि उंडे. नाताळ आणि येळवस बहुतेक वर्षी काही दिवसांच्या अंतराने येतात.

दिनमान लहान झाल्याशिवाय जुन्या वाणांची तूर फुलावर येत नाही. पेरा कुठेही केला तरी विषुववृत्ताच्या उत्तरेला हिरव्या शेंगा वर्षाच्या शेवटीच मिळायच्या. लातूर १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जमैका आणि पोर्तो रिको ही बेटंही तिथेच. म्हणून जमैकात नाताळला नारळाच्या दुधातला तुरीचा भात, पोर्तो रिकोत त्याच दिवसांत 'आर्रोस कोन गांदुलेस', आणि आमच्याकडे भज्जी. सण वेगळे असले तरी पंचांग तुरीचं आहे.

जग-जगचं मूळ स्कॉटलंडच्या 'हॅगिस'मध्ये आहे, असं बेटावर सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस ओटबरोबर कोथळ्यात भरून शिजवणं. इथे ना ओट, ना कोथळा. ज्वारी मुळात आफ्रिकेची, आणि ती घोटून खायला आफ्रिकी माणसाला स्कॉटिश गुरू लागत नव्हता. हॅगिसने फार तर पानात जागा दिली असेल.

ज्वारी आफ्रिकेची, हे मराठवाड्यातल्या माणसाला जड जातं, पण निर्विवाद आहे. तुरीचं उलट. फ्रेंच-स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १९व्या शतकात तूर आफ्रिकेची ठरवली होती. त्याच्या बाजूने एक जबर पुरावा दिला जाई: इजिप्तमध्ये थीब्झजवळच्या सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सापडलेला तुरीचा एक दाणा. पण एका दाण्यावर वतन मिळत नाही. तुरीचा सगळ्यात जवळचा रानटी भाऊबंद, कजानस कजानिफोलिअस, उगवतो बस्तर, ओडिशा आणि पूर्व घाटात. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीच्या उत्खननात जळकी तूर मिळाली, ती साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत काम केलेल्या फान डर मासेन यांनी १९८०मध्ये भारताच्या बाजूने कौल दिला आणि २०१७मध्ये २९२ वाणांच्या जनुकीय तपासणीनेही तोच उचलून धरला. म्हणजे तूर इथून तिकडे गेली आणि ज्वारी तिकडून इकडे आली. मुरुडच्या शेतकऱ्याने खरीप ज्वारीत तुरीची तासं धरली, तेव्हा दोन खंड एका पाभरीखाली आले.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तूर हिंदी महासागराच्या व्यापाराने पोचली आणि खंड ओलांडून पश्चिमेला गेली. पुढचा टप्पा गुलामांच्या जहाजांचा. १६व्या शतकाच्या आरंभापासून १८६६पर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली. जिवंत उतरली १ कोटी ७ लाखांच्या आसपास. चढवलेल्यांतली सुमारे ५७ लाख माणसं एकट्या कांगो-अंगोलाच्या पट्ट्यातली. आता तुरीची नावं पाहा. फ्रेंच बेटांवर ती 'अंगोलाचा वाटाणा', हैतीत 'कांगोचा वाटाणा'. जमैकातल्या 'गुंगो'त काहींना कांगो ऐकू येतो, तर काहींना किकोंगो भाषेतला 'न्गुंगू'. इंग्रजीतलं 'कबुतरांचा वाटाणा' हे नाव बार्बाडोसचं. ती तिथे कबुतरांना घालत, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुकनेटने १६९२मध्ये केली आहे. भारताचा मागमूस यांतल्या एकाही नावात नाही.

अपवाद कदाचित एक, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकला आहे. स्पॅनिश 'गांदुल' किंवा 'ग्वांदुल', ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'ग्वांदू' आणि 'आंदू'. तेलुगूत तूर म्हणजे 'कंदि', अनेकवचन 'कंदुलु'. आमचं मुरुड ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे मराठी आणि तेलुगू एकत्र नांदत, तिथल्या माणसाला 'कंदुलु' आणि 'गांदुल' शेजारी ठेवून गप्प बसवत नाही. ही व्युत्पत्ती माझी नव्हे, बऱ्याच जणांनी मांडली आहे.

प्रतिपक्ष मात्र भक्कम आहे. किकोंगोत तुरीला 'वांदू' म्हणतात आणि अंगोलाच्या किंबुंदूतही तसाच शब्द आहे. सुरीनाममध्ये आजही 'वांदू'च चालतो. बोलणारी माणसं ज्या किनाऱ्यावरून नेली, शब्द त्याच किनाऱ्यावरचा. मग तेलुगूपर्यंत जायचं कशाला? मी म्हणायचो, शेवटचा 'ल' कुठून आला? तो तर 'कंदुलु'तच आहे. पण स्पॅनिशमध्ये 'गांदुल' हा शब्द आधीपासून होता, अरबीतून आलेला, अर्थ आळशी, उनाड. परक्या 'ग्वांदू'ला ओळखीच्या 'गांदुल'चं शेपूट चिकटलं, असं कुणी म्हटलं तर माझा 'ल' गेला.

तेलुगू पक्षाला आणखी एक वाट आहे. गुलाम विकत घेताना मोबदल्यात जो माल देत, त्यात भारतीय सुती कापडाचा वाटा मोठा होता. त्यातलं निळं 'गिनी कापड' कोरोमंडल किनाऱ्यावर विणलं जाई. कापडाबरोबर शब्द गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण हे गठ्ठे आधी युरोपच्या गोदामांत उतरत, मग आफ्रिकेला जात. अशा वाटेने कापडाचं नाव जाईल. डाळीचं नाव जायला ती रांधणारं माणूस लागतं. ही वाट मी सोडली.

माझा डाव मलावीवर आहे. तिथे चिचेवा भाषेत तुरीला 'नांदोलो' म्हणतात. तोच 'ल', तोच 'ंद', आणि जागा वाटेतली: पूर्वेला मोझांबिकचा किनारा, पश्चिमेला अंगोला. कंदुलु, नांदोलो, वांदू अशी साखळी लावली तर दोन्ही पक्ष जिंकतात: अटलांटिक ओलांडणारा शब्द कांगोचा, पण त्याचा आजा तेलुगू. यावर आक्षेप एकच आणि तो पूर्व किनाऱ्याचाच. स्वाहिलीत तुरीला 'म्बाझी' म्हणतात, ज्याचा 'कंदि'शी काही संबंध दिसत नाही. भारतीय शब्द उतरला तर पहिल्या बंदरावर का दिसू नये? माझं उत्तर असं की गजबजलेल्या बंदरात शब्द लवकर बदलतात, आतल्या मुलखात टिकतात. हा अंदाज आहे, पण मी तो सोडणार नाही.

शब्द कुणाचाही असो, अमेरिकेत तूर रुजवली कुणी, याचं उत्तर शेतात आहे. मळेवाल्याला साखर हवी होती. बार्बाडोसमध्ये १६४०च्या दशकात उसाने बेट व्यापलं. जमैकात मालकांनी गुलामांना डोंगरउतारावरचे निकस तुकडे दिले, आणि सवडीच्या वेळात त्यांवर आपलं अन्न आपणच पिकवायला लावलं. तिथे तूर कामी आली. मूळ खोल जातं, पाऊस रुसला तरी झाड तगतं, जमिनीला नत्र देतं. आपण एका हंगामात कापून तुराट्या चुलीला लावतो. राखली तर तीन-चार वर्षं शेंगा देत राहते. दिवसभर दुसऱ्याच्या उसात राबणाऱ्याला असंच पीक परवडतं. ती कशी लावायची, कधी तोडायची, कशी शिजवायची, हे मालकाला कुठे ठाऊक होतं? ते आफ्रिकी माणसाला ठाऊक होतं. द्वीपसमूहभर पसरलेली तूर हे त्याच्या शेतीज्ञानाचं काम आहे.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ला संपली. तुरीचा प्रवास मात्र थांबला नाही, फक्त दिशा उलटली. २०१६मध्ये भारताने तुरीसारख्या डाळींसाठी मोझांबिकशी करार केला आणि आता आफ्रिकेची तूर इकडे उतरते. तिकडे पीक वाढलं की लातूरच्या आडतीवर भाव हलतो. बाजारात या तुरीला 'अरुषा' आणि 'मटवारा' म्हणतात. अरुषा टांझानियाचं शहर, मटवारा म्हणजे तिथलंच म्ट्वारा बंदर. 'अंगोलाचा वाटाणा' म्हणणाऱ्या फ्रेंच व्यापाऱ्याचीच ही रीत: माल जिथून भरला, त्या गावाचं नाव मालाला. पेरणाऱ्याचं नाव तेव्हाही पोत्यावर नव्हतं, आजही नाही.