वटवाघूळ : वैरी की राखणदार?

मानोऱ्याच्या शिवारात वड, उंबर, मोह कोणी लावला, हे आपण कधी विचारत नाही. बी दूरवर टाकणाऱ्यांत फळखाऊ वटवाघूळही आहे. मोहाच्या फुलांचं परागीभवनही ते करतं. पण पेरू-केळीपायी माणसानं त्याला वैरी ठरवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी यादीत बसवलं. मारायला मोकळीक झाली. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. घटलेला थवा लवकर भरत नाही. म्हणून घडांना पिशव्या बांधा, उष्टं फळ खाऊ नका, वटवाघूळ हाताळू नका. पण त्याच्या वस्तीचं झाड तोडू नका.